गाडी लहान, कागद लांब

उपनगरात गाडी घ्यायची तर पहिली फेरी शोरूमला नको, आपल्याच सोसायटीच्या आवारात मारा. हातात मोजपट्टी घ्या आणि आपल्या वाट्याची पार्किंगची जागा मोजा. लांबी-रुंदी तर मोजाच, शिवाय खांब कुठे येतो, शेजारच्याची गाडी किती आत घुसलेली असते आणि दार उघडल्यावर घरातल्या थोरामोठ्यांना बाहेर पडता येतं का, हेही बघा. मुलुंड-बोरिवलीच्या नव्या इमारतींत स्टॅक पार्किंग असतं. तिथे उंची महत्त्वाची, आणि ती सेक्रेटरींना न विचारता मशीनवरच्या पाटीवर वाचावी. पाटीवर १५५० मिमी लिहिलं असेल तर १६७५ मिमी उंचीची वॅगनआर तिथेच बाद झाली आणि १६१५ मिमीची पंचही. स्विफ्ट, अल्टो के१०, टियागो आत जातील. घाटकोपरच्या पंतनगरसारख्या जुन्या वसाहतींत मशीन नाही, पण गल्ली आहे आणि गल्लीत दोन्ही बाजूंना उभी वाहनं आहेत. तिथे रुंदीचा हिशेब लागतो. अल्टो १४९० मिमी, वॅगनआर १६२०, स्विफ्ट १७३५, पंच १७४२. अल्टो आणि पंच यांच्यातला हा वीतभर फरक कागदावर फुटकळ वाटतो. रात्री साडेदहाला रिव्हर्स घेताना तो कळतो.

जागाच नसेल तर महिन्याच्या पार्किंगचा खर्च हप्त्यात धरा. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगचा दाखला नसेल तर नव्या गाडीची नोंदणी नाही, असं धोरण आणण्याचं बोलून दाखवलं होतं. सरकारला जे करायचं ते सरकार करील, पण रस्त्यावर ‘बघू कुठेतरी’ म्हणून गाडी घेणाऱ्याने टोइंगचा दंडही बजेटात धरावा.

दुसरा प्रश्न घरात बसून सोडवायचा: गाडी चालणार किती? उपनगरातला नोकरदार अजूनही बहुतेक लोकलने किंवा मेट्रोने जातो. घाटकोपर-अंधेरी मेट्रो २०१४ पासून धावते आणि ऑफिसच्या वेळी जोडरस्त्यावरच्या कुठल्याही गाडीला ती मागे टाकते. म्हणजे गाडी उरते शनिवार-रविवारला, आईच्या डॉक्टरकडे, लग्नाकार्याला आणि गणपतीत गावाला. अशा घरात सीएनजी घ्यावी का, हे भावनेने ठरवू नका, गणित मांडा. सीएनजीचं मॉडेल पेट्रोलपेक्षा साधारण नव्वद हजारांनी महाग पडतं. राज्यात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रोड टॅक्स ११ टक्के आहे आणि सीएनजीला जुलै २०२५ पासून ८ टक्के, त्यामुळे सहा लाखांच्या गाडीत दहा-अकरा हजार तिथे वाचतात. उरला फरक ऐंशी हजारांचा. २०२५ च्या अखेरीस मुंबईत पेट्रोल लिटरला १०३ रुपयांच्या वर होतं आणि सीएनजी किलोला ८० च्या आसपास. शहराच्या गर्दीत पेट्रोलवर १५ आणि गॅसवर २२ किलोमीटर धरले तर किलोमीटरमागे सव्वातीन रुपये वाचतात. म्हणजे वरचे ऐंशी हजार वसूल व्हायला २४-२५ हजार किलोमीटर गाडी पळली पाहिजे. महिन्याला हजार किलोमीटर असतील तर दोन वर्षांत हिशेब चुकता. तीनशे असतील तर सात वर्षं, तोवर तुम्ही गाडी बदलायच्या गोष्टी करत असाल.

शिवाय पंपावरची रांग. उपनगरात सीएनजीच्या रांगेत रिक्षा, टॅक्सी आणि तुम्ही एकाच नात्याचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्बेत गेलच्या मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली तेव्हा मुंबईभर पंप कोरडे पडले आणि रिक्षांच्या रांगा रस्त्यांवर आल्या. घेतलीच सीएनजी तर डिकी उघडून बघा. वॅगनआरमध्ये ६० लिटरची टाकी डिकीतच बसते. टाटाने टियागो आणि पंचमध्ये तीस-तीस लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाखाली बसवल्या आहेत, त्यामुळे बॅगा मावतात. कोकणातून येताना आंब्याच्या पेट्या आणि फणस आणणाऱ्यांना हा मुद्दा समजावून सांगायची गरज नाही. टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते, तीही लक्षात असू द्या.

क्लचविषयी एकच सांगतो. अंधेरी-कुर्ला रोड, एलबीएस मार्ग किंवा संध्याकाळचा पश्चिम द्रुतगती महामार्ग यांतलं एक जरी तुमच्या रोजच्या वाटेवर असेल तर ऑटोमॅटिकसाठी वरचे पन्नास हजार मोजायला मागेपुढे पाहू नका. मात्र लहान गाड्यांत मिळतो तो बहुधा एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. तो गिअर बदलताना किंचित डुलतो आणि चढावर मागे सरकू शकतो. म्हणून टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर संपवू नका, गर्दीच्या वेळी उड्डाणपुलाच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचला. आणि टेस्ट ड्राइव्ह घरापर्यंत मागा. आपल्या जागेत ती गाडी लावून दाखवा, सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून न्या. विक्रेता कुरकुरतो, पण गिऱ्हाईक खरं आहे हेही त्याला त्यातूनच कळतं.

सुरक्षेबद्दल आपल्याकडे अजून ‘देवाची कृपा’ या धर्तीवर विचार चालतो. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत वॅगनआरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला आणि अल्टो के१० ला दोन. टियागोला २०२० मध्ये चार आणि पंचला २०२१ मध्ये पाच मिळाले होते. अर्थात २०२२ मध्ये चाचणीचे निकष कडक झाले, त्यामुळे जुने आणि नवे तारे एका तागडीत टाकता येत नाहीत. मारुतीने पुढे वॅगनआर आणि अल्टोत सहा एअरबॅग दिल्या, हे चांगलंच झालं. पण एअरबॅगांची संख्या वाढली म्हणून सांगाडा मजबूत होत नाही. रोज द्रुतगती महामार्गाने जाणाऱ्याने ताऱ्यांना जास्त किंमत द्यावी, भाजी मार्केट ते शाळा एवढाच पल्ला असेल त्याने वळायला सोपी गाडी बघावी. हे माझं मत.

आता पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकर गेला. त्या दिवशी वॅगनआरची सुरुवातीची किंमत पाच लाखांच्या किंचित आत आली, अल्टो के१० चार लाखांच्या आत. पण ‘पासून सुरू’ या दोन शब्दांवर कोणी गाडी घेत नाही. सगळ्यांत खालच्या मॉडेलला मागच्या काचा हाताने फिरवायच्या असतात, म्युझिक नसतं, आणि शोरूममध्ये ते उभंही नसतं. बहुतेक घरांना मधलं मॉडेल पुरतं. सर्वांत वरच्या मॉडेलमधली अलॉय चाकं खड्ड्यांत वाकतात, आणि मोठ्या पडद्यावर तुम्ही जे बघणार ते फोनवरही दिसतं.

भाव करताना आपल्या माणसाला लाज वाटते, त्याला इतिहास आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून पद्मिनी बाहेर पडायच्या त्या काळात गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. भाव करायचा तर दूरच, गाडी मिळाली हेच उपकार. आजची शोरूम तशी नाही; महिनाअखेरीचं टार्गेट तिथल्या पोराच्या डोक्यावर बसलेलं असतं. पण तुम्ही ‘डिस्काउंट किती?’ असं विचारलंत की खेळ त्याच्या हातात गेला. पंचवीस हजार सूट देऊन तो चाळीस हजार दुसऱ्या रकान्यांत लावू शकतो. म्हणून एकच प्रश्न धरून बसा: सगळं धरून, गाडी माझ्या दारात येईपर्यंत, एकूण चेक कितीचा? आणि त्याचा रकानावार कागद मागा, ऑन-रोड कोटेशन, डीलरच्या लेटरहेडवर किंवा व्हॉट्सअॅपवर. तोंडी आकडा म्हणजे आकडा नव्हे.

तो कागद हातात आला की वाचायचा कसा, ते बघू. पहिली ओळ एक्स-शोरूम. ती कंपनीच्या संकेतस्थळावर मुंबईसाठी दिलेल्या किमतीशी ताडून पाहा. दुसरी ओळ आरटीओ. इथे लोक नुसती मान डोलावतात. सहा लाखांच्या पेट्रोल गाडीला ११ टक्क्यांनी ६६,००० रुपये टॅक्स, नोंदणी शुल्क ६००, कर्ज असेल तर हायपोथिकेशनचे १,५००, स्मार्टकार्डाचे २०० आणि किरकोळ उपकर. कागदावर ७८,००० लिहिलं असेल तर वरचे आठ-नऊ हजार कशाचे, हे सौम्य आवाजात विचारा आणि सांगा की आरटीओच्या पावतीएवढे देईन, पावती मला लागेल. कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर दर वेगळा आणि जड आहे, तेव्हा ‘ऑफिसच्या नावाने घेऊ, टॅक्स वाचेल’ हा सल्ला ऐकण्याआधी सीएला विचारा. नंबर प्लेटचे वेगळे पैसे लावले असतील तर तेही खोडायला लावा. एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा पाटी कंपनीकडूनच येते.

मग येतं ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक’, ‘फॅसिलिटेशन’ किंवा असंच काही भारदस्त नाव. हा कुठलाही सरकारी आकार नाही. गाडी यार्डातून शोरूममध्ये आणणं हे दुकानदाराचं काम. किराणावाला गोदामातून साखर आणल्याचे पैसे तुमच्याकडून घेत नाही. ही ओळ पूर्ण काढायला सांगा. बहुतेक वेळा तिथूनच घासाघीस खरी सुरू होते.

इन्शुरन्सची ओळ सगळ्यांत जाड. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे आणि त्याचा दर ठरलेला आहे: १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १००० ते १५०० सीसीला १०,६४०, वर जीएसटी. यात कोणी सूट देत नाही, जास्तही घेत नाही. उरलेला भाग म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा. तो एक वर्षाचा घेता येतो आणि कुठूनही घेता येतो. डीलरकडूनच घ्या अशी सक्ती नाही. त्याच गाडीचं, त्याच आयडीव्हीचं (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), त्याच अॅड-ऑनचं कोटेशन बाहेरच्या विमा कंपनीकडून काढा आणि शोरूमच्या टेबलावर ठेवा. ‘सर, बाहेरून घेतलात तर आमच्याकडे कॅशलेस होणार नाही’ असं उत्तर येईल. कॅशलेस हे वर्कशॉप आणि विमा कंपनी यांच्यातल्या करारावर असतं. त्या कंपनीच्या यादीत हे वर्कशॉप आहे का, एवढं तपासलं की झालं. अनेकदा बाहेरचा कागद बघून शोरूमचाच आकडा खाली येतो, मग तिथूनच घ्यायला हरकत काय?

जुनी गाडी असेल आणि तिच्यावर काही वर्षं क्लेम केला नसेल तर नो क्लेम बोनस तुमचा आहे, गाडीचा नाही. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज हप्त्यात वजा होतो. जुनी गाडी एक्स्चेंजला देताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. हे आठवण करून दिल्याशिवाय कोणी सांगत नाही. तसंच, पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा तुमचा आधीच असेल तर तो दुसऱ्यांदा घ्यायची गरज नाही.

अॅड-ऑनमध्ये कंजुषी कुठे करावी आणि कुठे नाही, हे मुंबईचा पाऊस ठरवतो. झिरो डेप (सुट्या भागांच्या किमतीतून घसारा न कापणारा) घ्या. इंजिन प्रोटेक्टही घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे जुनं झालं म्हणता येईल, पण अंधेरीचा सबवे दर पावसाळ्यात पाण्याखाली जाऊन बंद होतोच. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केली की इंजिनात पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साधा विमा तिथे हात वर करतो. पाण्यात गाडी बंद पडली तर किल्लीला हात लावू नका, ढकलून बाहेर काढा, टोइंग बोलवा. किल्ली हरवल्याचा विमा, गाडीतल्या सामानाचा विमा वगैरे सोडून दिले तरी चालतील.

खालच्या ओळींत अॅक्सेसरीज, टेफ्लॉन कोटिंग, एक्स्टेंडेड वॉरंटी. ‘फ्री अॅक्सेसरीज’पेक्षा तेवढीच रोख सूट मागा. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर यांची यादी वेगळी करून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भाव विचारून या, शोरूमचा भाव आपोआप उघडा पडतो. मात्र गाडीची वायर कापावी लागेल असं काही बाहेरून बसवू नका, वॉरंटीवर पाणी पडतं. कोटिंग नको. एक्स्टेंडेड वॉरंटी पाच-सहा वर्षं गाडी ठेवणार असाल तर घ्यावी, विशेषतः एएमटीला, पण ती आजच घ्यायची घाई नसते. कंपनीची मूळ वॉरंटी संपण्याआधी केव्हाही मिळते का, ते विचारून ठेवा.

कोटेशनं तीन तरी हवीत, आणि तीन वेगळ्या डीलरांची. अंधेरीतली आणि बोरिवलीतली शोरूम एकाच मालकाची असू शकते. कागदाच्या खाली बारीक अक्षरात कंपनीचं नाव असतं ते वाचा. मुलुंडकराने चेकनाका ओलांडून ठाण्यात विचारावं, बोरिवलीकराने मीरा रोड-वसईकडे. रोड टॅक्स राज्यभर एकच आहे. सर्व्हिससाठी मात्र घराजवळचं वर्कशॉप सोयीचं, आणि ते त्याच ब्रँडचं असलं की पुरे, विकणाऱ्या डीलरचंच असावं असं नाही. दुसऱ्याचं कोटेशन दाखवलं की समोरचा म्हणतो, ‘सर, एक मिनिट, मैनेजर से बात करके आता हूँ.’ जाऊ द्या. पाच मिनिटांनी तो परत येतो तेव्हा आकडा थोडा उतरलेला असतो. मग तुम्ही उठा, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणा. हे नाटक नव्हे. घरी खरंच विचारायचं असतं.

वेळ कुठली निवडावी? पाडवा, दसरा, धनत्रयोदशी या दिवशी शोरूममध्ये उभं राहायला जागा नसते आणि सूटही नसते. त्यापेक्षा पितृपक्ष बघा. आपले लोक त्या पंधरवड्यात वाहन घेत नाहीत, विक्रेते रिकामे बसलेले असतात. भाव तेव्हा ठरवा, बुकिंगची पावती घ्या आणि डिलिव्हरी घटस्थापनेला घ्या. पितरही खूश आणि खिसाही. २०२५ मध्ये जीएसटीची कपात नेमकी घटस्थापनेलाच लागू झाली, त्यामुळे त्या वर्षीचा पितृपक्ष नुसता वाट बघण्यात गेला. डिसेंबरातही सूट मोठी असते, पण त्या गाडीच्या आरसीवर सरत्या वर्षाचा महिना छापला जातो आणि पुढे विकताना ती एक वर्षाने म्हातारी ठरते. सात-आठ वर्षं ठेवणार असाल तर हे नुकसान सवलतीपुढे किरकोळ. तीन वर्षांत विकणार असाल तर जानेवारीची वाट बघा. बुकिंगची रक्कम लहान ठेवा, ती डीलरच्या खात्यातच भरा, विक्रेत्याच्या वैयक्तिक नंबरवर नाही, आणि बुकिंग रद्द केल्यास किती परत मिळेल ते लिहून घ्या. किंमत वाढली तर बुकिंगच्या दिवसाची की डिलिव्हरीच्या दिवसाची लागेल, हेही.

कर्जाच्या बाबतीत हप्ता बघू नका, एकूण परतफेड बघा. पाच लाख नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १०,३८० रुपये. सात वर्षांसाठी ८,०४५. सुमारे तेवीसशे रुपयांनी हलका वाटणारा हा हप्ता शेवटी त्रेपन्न हजार रुपये जास्त नेतो. आणि ‘फक्त पाच टक्के फ्लॅट’ असं कोणी म्हणालं तर हसून घ्या: पाच वर्षांच्या मुदतीत फ्लॅट पाच म्हणजे घटत्या शिल्लकीवर नऊच्या वर. शोरूममधल्या बँकेच्या माणसाआधी आपल्या पगाराच्या खात्याच्या बँकेत विचारा. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा आकार, दोन्ही कागदावर घ्या.

उरली डिलिव्हरी. पूर्ण पैसे भरण्याआधी आणि नोंदणी होण्याआधी गाडी यार्डात जाऊन दिवसाउजेडी बघा. एकदा तुमच्या नावे नोंदली गेली की ‘दुसरी द्या’ म्हणायची सोय राहत नाही. चेसिस नंबर इन्व्हॉइसशी जुळवा, किलोमीटर बघा, रंगावर तिरकस उजेडात हात फिरवा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी साधारण एकाच काळातले हवेत. फार जुने असतील तर गाडी यार्डात ऊन खात पडली होती, हे समजा, आणि बॅटरीचीही चौकशी करा.

जुनी गाडी एक्स्चेंजला दिली असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर सही करून विसरू नका. नव्या मालकाच्या नावावर चढेपर्यंत तिची ई-चलनं तुमच्याच फोनवर येत राहतात. महिन्याभराने परिवहनच्या संकेतस्थळावर नाव बदललं का ते बघा. आणि डीलरने लेखी कबूल केलेलं दिलं नाही तर भांडत बसू नका: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ लावा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं तर अर्ज कसा करायचा, हे विलेपार्ल्यात मुंबई ग्राहक पंचायतीत विचारा; ही संस्था १९७५ पासून ग्राहकांसाठी काम करत आली आहे. जाताना ते रकानावार कोटेशन, पावत्या आणि व्हॉट्सअॅपवरचे निरोप यांच्या छापील प्रती घेऊन जा.